इंदूआक्काच्या अळ्या

आमच्या शेजारची इंदूआक्का माणसाला आधी हुंगते, मग 'ये' म्हणते. सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर तिची रेशीमअळ्यांची शेड आहे. अंगाला पावडर, खिशात तंबाखू, केसाला वासाचं तेल असलं की दारातूनच परत. सख्खा भाऊ गुडघ्याला बाम चोळून आला, तर त्याला तिनं बांधावर बसवून जेवू घातलं. अळ्यांना काही होईल, ही धास्ती तिच्या डोळ्यांतून कधी हटत नाही.

रेशीमशेतीच्या प्रशिक्षणात तिला 'हार्मोन' भेटले. "अळीच्या अंगात दोन हुकूम असत्यात," ती सांगते. "येक म्हनतो, ल्हानच ऱ्हा, खात ऱ्हा. तो हटला की दुसरा म्हनतो, आता कोष कर." चाळिशीतला माझा चुलतभाऊ लग्नाला नाही म्हणाला, तेव्हा भर पंगतीत तिनं निदान केलं, "याचा पैला हुकूम अजून हटला न्हाई!"

गेल्या खेपेला अळ्या बोटाएवढ्या झाल्या. शेवटची कात टाकल्यावर आठवडाभरात त्या खाणं सोडतात आणि विणायला लागतात. त्या वेळी दहावा दिवस उजाडला, तरी खातच होत्या. फुगत होत्या, पण एकीच्याही तोंडाला धागा नव्हता. आक्का एकेक अळी उजेडाला धरून बघायची.

"तुतीच्या पाल्यालाच कायतरी लागलं असंल का रं?" तिनं मला विचारलं.

आठवड्यापूर्वी मी वांग्यावर पांढऱ्या माशीचं औषध मारलं होतं. वारा तिच्या तुतीकडं होता. दुकानदार म्हणाला होता, "हे किडीला मारत न्हाई, मोठंच होऊ देत न्हाई."

"काय म्हाईत," मी म्हणालो.

दोन दिवस मी तिला टाळलं. तिच्या शेडचं दार वाजलं की मी वांग्यांच्या ओळीत वाकायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी औषधाची बाटली घेऊन मी तिच्यापुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

तिनं बाटली हुंगली आणि खाली बसली. "म्हंजी पैला हुकूम भाईरून घातलास. आता तो हटायचा न्हाई. अशाच खात-खात मरतील."

"आक्का, शिव्या दे."

"दीन की. सवडीनं." ती उठली, तुतीची फांदी घेतली आणि अळ्यांवर पाला पसरायला लागली.

"आता कशाला? त्या कोष करायच्या न्हाईत."

"मला ठावं हाय. ऐक."

मी ऐकलं. शेडभर पाला कुरतडल्याचा बारीक आवाज भरला होता.

"कोष झाले की हा आवाज थांबतो," ती म्हणाली. "मग पुढली खेप येस्तोवर घरात कायबी वाजत न्हाई. येकटीला लई भ्या वाटतं. ह्या बारीला चार दिस जास्ती वाजंल, येवढंच."

बोलता बोलता खालच्या कप्प्यातला आवाज विरळ झाला. ती घाईघाईनं पाला घेऊन तिकडं वाकली.

मी दुसरी फांदी उचलली.