न पाहिलेल्या गादीचा रिव्ह्यू

लातूर जिल्ह्यात देवणी जातीच्या गाई-बैलांवर ब्लॉग लिहिणारा माणूस एकच, आणि तो मी! दिवसा पतसंस्थेत कारकुनी करतो, पण लोक ओळखतात ते ब्लॉगमुळे. माझे सगळ्यात निष्ठावान वाचक म्हणजे माझे सासरे, देवणीजवळच्या खेड्यातले विरूपाक्षप्पा. मी त्यांना मामा म्हणतो. वळूला करडीची पेंड द्या असं मी लिहिलं, की दुसऱ्या दिवशी त्यांच्या सरदार नावाच्या वळूपुढं पेंड हजर.

एक दिवस पुण्याच्या जाहिरात कंपनीतून रूपाली नावाच्या बाईंचा फोन आला. एका गादीचं कौतुक करायचं, मध्येच तिच्या दुकानाची लिंक द्यायची आणि पैसे घ्यायचे. मला भलतंच कुतूहल वाटलं. माझे वाचक गोठ्यात उभं राहून वाचतात, ते गादी कशाला घेतील? त्या म्हणाल्या, कुणी घ्यावी अशी अपेक्षाच नाही. दहा जणांनी एकाच दुकानाकडं बोट दाखवलं, तर नवखा माणूस तिकडंच जातो ना? गुगलचंही तसंच असतं, तुम्ही फक्त बोट दाखवा. गादी पाठवणार का, असं मी विचारून पाहिलं. त्याची गरज नसते म्हणाल्या. फक्त पैसे घेतल्याचं कुठं लिहू नका, आणि लिंक अगदी सहज आल्यासारखी वाटू द्या.

मग मी ती वळूच्या निगेवरच्या लेखात सहज आणली. 'वळूची बसायची जागा मऊ हवी. ही गादी तर अशी, की सहा क्विंटलचा वळूही तिच्यावर सुखानं झोपेल.' वा! स्वतःवर इतका खूश झालो की बायकोला, म्हणजे वर्षाराणीला, दोनदा वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, की बाबा हे वाचतील. मी म्हटलं, वाचू देत की.

मामांनी वाचलं. 'ही गादी' हे शब्द निळे का, या कुतूहलापोटी त्यांनी त्यावर बोट ठेवलं. दुकान उघडलं. त्यांनी डबल बेडची गादी मागवली आणि गोठ्यात अंथरली! आम्हाला याचा पत्ता लागला तो जनावरांच्या प्रदर्शनादिवशी, सकाळी सकाळी मामांचा फोन आला तेव्हा.

"जावईबापू, सरदार उठंना झालाय."

या प्रदर्शनात सरदार दोन वर्षं दुसरा आला होता. आता त्याचं वय होत आलेलं, पुढच्या वर्षी नेण्यात अर्थ नव्हता. पहिल्या नंबरच्या ढालीसाठी मामांनी ओसरीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

मोटरसायकल दामटत आम्ही दोघं पोचलो. दारात टेम्पो उभा, आणि आत सरदार गादीवर पसरलेला. तब्येत ठणठणीत, रवंथ चालू, डोळे अर्धे मिटलेले. मी पेंड दाखवली, तर त्यानं मान लांब करून बसल्या जागी खाल्ली. चौघांनी ढकललं, तर तो कूस बदलून आणखी ऐसपैस झाला.

वर्षाराणी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सुखावलाय तो. तुम्ही रविवारी सुखावता तसा."

शेवटी टेम्पोवाला कंटाळून निघून गेला. प्रदर्शन संपलं, ढाल दुसऱ्याच कुणाच्या वळूला मिळाली. त्यानंतर सरदार आपला आपण उठला आणि अशा डौलात हौदाकडं चालत गेला, की परीक्षकांनी उभं राहून नंबर दिला असता. मामा त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण ते रागावले नाहीत, ते अधिक वाईट झालं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुमच्या घरची गादी बी अशीच हाय का?"

"मामा, मी ती गादी बघितलेलीसुद्धा नाही."

"मग लिवलं कसं?"

मामांनी गादी जावयाला देऊन टाकली. वर्षाराणीनं ती धुतली, उन्हात वाळवली, आणि हल्ली मी तिच्यावरच झोपतो. ओसरीतला खिळा अजून मोकळाच आहे. तो बघून बरं वाटत नाही.

तर वाचकहो, गादीला शेणाचा किंचित वास आहे आणि मधोमध सरदारच्या मापाचा खड्डा आहे. पण झोप उत्तम लागते, सकाळी उठवत नाही. आणि एवढं लिहिण्याचे मला कुणीही पैसे दिलेले नाहीत.