मामांचा पाय आणि पाच पावलांची रीत

मुहूर्त अकरा बावन्नचा होता. माझ्या बहिणीचं, भाग्यश्रीचं, लग्न लागलं तेव्हा नवरदेव स्टेजवर नव्हता. तो उतरायच्या दुसऱ्या पायरीवर उभा होता आणि त्याचा मामा त्याच्या मागे, खाली लॉनच्या गवतावर.

घटना एवढीच. बाकी तपशील, आणि तपशील हाच माझा धंदा. नाशिकच्या एका दैनिकात मी दुसऱ्यांच्या चुका छापून येण्याआधी पकडतो. म्हणून मी आईला छातीठोकपणे सांगितलं होतं, "मामांच्या पायाचं माझ्याकडे लागलं. एक चूक राहणार नाही."

आईचे भाऊ चिमाजीमामा मखमलाबादला झेंडू आणि मेथी पिकवतात. २००३ मध्ये टेम्पोच्या अपघातात त्यांचा उजवा पाय मांडीपासून गेला. मोफत पाय बसवून देणाऱ्या शिबिरात नंबर लागला, तो लग्नानंतरचा. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना मामा नवरीच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या पाठीशी उभा राहतो. नातेवाइकांनी उपाय सुचवला : मामांना खुर्ची द्या.

"खुर्चीत बसून भाची उजवायची?" मामा म्हणाले. "त्यापरीस मी येतच नाय."

"मग मलाही एक खुर्ची ठेवा," भाग्यश्री म्हणाली. "दोघं बसूनच लग्न लावू."

तेव्हा मामांचा मुलगा कुंदन पुढे आला. तो अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. "दादा, परदेशात रोबोटचे पाय असतात. आपण बनवू."

भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर, स्कूटरची बॅटरी आणि पीव्हीसी पाइप यांतून पाय उभा राहिला. बॅटरी मामांच्या खांद्यावरच्या पिशवीत. टाचेखाली बटण. टाच टेकली, बटण दाबलं गेलं की गुडघा ताठ. टाच उचलली की मोटर घर्रर्र करून गुडघा वाकवणार आणि पाऊल पुढे टाकणार. आवाज मिक्सरमध्ये खोबरं अडकल्यासारखा.

आम्ही बांधावर, डांबरी रस्त्यावर, भाजीबाजारातल्या चिखलात चाचण्या घेतल्या. मी शंका काढायच्या, कुंदननं फेडायच्या. दमलेले मामा घरी आले की दारातच अख्खा पाय काढून ठेवत आणि कुबडीवर आत जात. चपलांच्या रांगेत पायही उभा. पहिल्या दिवशी सरुमामी किंचाळल्या. आठवड्याभरात त्यावर ओला टॉवेल वाळत घालू लागल्या.

लग्नाच्या दिवशी मामा फेटा बांधून गंगापूर रोडवरच्या त्या लॉनमध्ये स्वतःच्या पायांनी चालत आले. लोक वळून बघत होते. स्टेजच्या पायऱ्यांपाशी भटजी म्हणाले, "मामा, चपला खाली काढा."

मी कुंदनकडे पाहिलं. कुंदन चपलेकडे पाहत होता.

"बटण चपलेत आहे," तो म्हणाला.

"चपलेत?"

"रबरी पावलाला भोक पडत नव्हतं, दादा. म्हणून चपलेच्या तळात बसवलं."

दोन महिन्यांत मामा त्या पायावर एकदाही अनवाणी उभे राहिले नव्हते. घरात पायच येत नव्हता, तर चप्पल काढण्याची वेळ कुठून येणार?

"चपलेसकट जाऊ द्या की," मी भटजींना म्हणालो.

"मी नाय जायचा," मामाच म्हणाले. "बोहल्यावर चप्पल घालून? माणूस हाय का मी?"

कुंदननं बटण सोलून काढलं, वायर सदऱ्यातून वर घेतली आणि बटण मामांच्या उजव्या मुठीत दिलं. "मूठ आवळलेली ठेवा, आबा. गुडघा ताठ राहील. कशासाठीही सोडू नका."

चपला काढलेल्या मामांना आम्ही दोघांनी धरून वर चढवलं आणि खाली उतरलो; मामा नवरीच्या पाठीशी उभे राहिले. डावा हात भाग्यश्रीच्या खांद्यावर, उजवी मूठ आवळलेली. अंतरपाट धरला गेला; पलीकडे नवरदेव, पायऱ्यांकडे पाठ करून. तेवढ्यात एक करवली ताट घेऊन आली आणि तिनं मामांच्या त्या मुठीत बोटं घालून अक्षता भरल्या.

पहिलं मंगलाष्टक संपलं. सावधान. मामांनी अक्षता टाकल्या.

घर्रर्र. पाऊल पुढे. मामांनी मूठ आवळली. भाग्यश्री एक पाऊल पुढे गेली, अंतरपाट एक पाऊल मागे आणि नवरदेव त्याच्या मागे.

"आबा, डाव्या हातानं टाका," कुंदन खालून कुजबुजला.

"भाचीवर डाव्या हातानं? गप बस."

करवलीनं पुन्हा मूठ भरली. दुसरं मंगलाष्टक. घर्रर्र. मुलाकडचे सटाण्याचे, अहिराणी बोलणारे. नवरदेवाचे आजोबा पुंजाआप्पा आईकडे झुकले. "हाई काय शे, ताई? पोर पुढे पुढे का बरं ई राहिनी? तुमनाकडनी रीत शे का?"

आईनं पदर सावरला. "हो. आमच्याकडे मामा पाच पावलं पोचवून देतो."

मंगलाष्टकं पाच होती.

मी थांबवायला निघालो होतो. पण मामांचा सदरा पाठीवर घामानं भिजला होता, ओठ मिटलेले होते, आणि भाग्यश्री मान न वळवता म्हणत होती, "मामा, भार टाका. मी आहे." तिसऱ्या पावलापासून ती मोटरच्या आवाजाबरोबर स्वतःच पाऊल टाकत होती. खांद्यावरच्या त्या हातानं कोणी कोणाला धरलं होतं, हे मी खात्रीनं लिहू शकत नाही. मी जागेवरच राहिलो.

पाचव्याला नवरदेव पायऱ्या उतरू लागला. अंतरपाट दूर झाला. मामा उभे होते.

पुढे शिबिरातून मामांना चांगला पाय मिळाला : हलका, मुका, सांगितल्याशिवाय न हलणारा. ते तोच वापरतात. गेल्या आठवड्यात सटाण्याहून पुंजाआप्पांचा फोन आला. नवरदेवाच्या बहिणीचं, दिशाचं, लग्न ठरलंय. त्यांनी भावकीला सांगून ठेवलंय की आमची पोरही पाच पावलांनी जाणार. तिच्या मामाला ते जमत नाही, तेव्हा शिकवायला चिमाजीमामा पाहिजेत.

"खरं काय ते सांगून टाकू," मी म्हणालो.

"लग्नात खुलासे छापत नाहीत," आई म्हणाली.

तिनं निरोप मामांना कळवला. हे लिहीपर्यंत त्यांनी येणार की नाही हे कळवलेलं नाही. आज सकाळी मखमलाबादला गेलो. दाराबाहेर नवा पाय एकटाच उभा होता. आतून जुन्या पायाचा तो घर्रर्र आवाज आला. थांबला. पुन्हा आला.