केळ्याला भुकेला देश

केळीबद्दल मला कुणी काही शिकवू नये! मी चोपड्याची, केळीच्या बागेत वाढलेली; आणि धुळ्याच्या कॉलेजात शिकवायला लागले तरी तोंडात केळं न घालणारी. सुट्टीत मी घरी आले की माझे वडील, आबा, रोज एक सोलून पुढे धरायचे, "खाय व माय."

मी म्हणायचे, "उद्या."

दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या दिवशी आबा ओट्यावर पेपर वाचत होते, आणि चहा तसाच निवला. बातमी होती, पूर्व जर्मनी रशियाच्या व्यापारी गटातून बाहेर पडली. गटात असताना तिथे केळं नाताळात दिसलं तर दिसायचं. आता केळ्यांसाठी दुकानांपुढे रांगा!

"केळासाठे लाईन?" आबांचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा झाला. "चाळीस वरीस बिचारास्नी केळं देखं नही! आनि आपला गावमा एक जर्मन शे!"

होता खरा. सूतगिरणीत यंत्र बसवायला आलेला. शेजारच्या निंबाच्या ट्रॅक्टरवरून आबांनी त्याला नवरदेवासारखा घरी आणला. दुभाषी मी!

आबांनी आधी त्याला केळं सोलायचं कसं ते शिकवलं. तो गंभीरपणे शिकला. एक खाल्लं आणि म्हणाला, "गुड!"

झालं! आबांनी दुसरं सोललं, तिसरं सोललं. त्यानं हात आडवा केला की म्हणत, "लाजस बिचारा!" घडाचा नुसता दांडा दिसायला लागला आणि पाहुणा ढोलासारखा फुगला. ओट्यापुढे सगळी गल्ली गोळा झाली.

"आबा, तो पिवळा पडना," निंबा घाबरून म्हणाला.

"पिकी ऱ्हायना! पिकू दे!"

शेवटी पाहुण्यानं पट्टा सैल केला आणि मला इंग्रजीत हळूच विचारलं, "मी थांबलो तर तुमच्या वडिलांना वाईट वाटेल का? मी पश्चिम जर्मनीचा, हॅम्बुर्गचा. केळ्यांची जहाजं आमच्याच बंदरात लागतात. लहानपणापासून रोज खातोय."

मी ते आबांना सांगितलं. गल्ली खो खो हसली! आबा हसले नाहीत. पाहुण्यापुढे हात जोडून बघतच राहिले.

"त्याले भूक नव्हती? मंग मना मन राखाकरता खाधं? एवढं?"

संध्याकाळी त्यांनी घडातलं उरलेलं शेवटचं केळं सोललं. "खाय व माय."

"उद्या, आबा."

सकाळी ते उठलेच नाहीत.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. निंबानं बागेतून नवा घड आणून ओट्यावर टेकवला. मी एक केळं ओढून काढलं. साल निघता निघेना.

"अक्का, कच्चं शे ते!" निंबा ओरडला.

होतंच. टाळूला चिकटलं, घशात अडकलं. मी ते पूर्ण संपवलं आणि आबांच्या रिकाम्या जागेकडे बघून मोठ्यानं म्हणाले,

"आबा, गोड शे!"