खुर्चीसाठी गेलेला गुडघा

साल एकोणीसशे शहाण्णव. कार्यालयाच्या क्रीडादिनी संगीतखुर्चीची अंतिम फेरी लागली होती. उरली होती एक खुर्ची आणि तिच्याभोवती दोघंजण, टायपिंग विभागातल्या आक्का आणि खुद्द मोठे साहेब. गाणं थांबलं. साहेब खुर्चीत बसले, आक्का जमिनीवर. पडताना आक्कांच्या गुडघ्यात कट्‌कन वाजलं, ते टाळ्यांत कुणाला ऐकू आलं नाही.

आक्का राहायच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टविना. जिना उतरताना गुडघा मध्येच निसटायचा आणि जीव मुठीत धरावा लागायचा. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट तुटलंय. इलाज दोन. व्यायाम करून निभावून न्यायचं, नाहीतर मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून दुर्बिणीतून नवं लिगामेंट घालायचं.

"पुन्हा खेळणार का?" डॉक्टरांनी विचारलं. "ऑपरेशन आम्ही खेळाडूंना सुचवतो."

"मला जिना उतरायचाय हो."

"जिना हा खेळ नाही, बाई."

मग आक्कांनी, वयाच्या पन्नाशीत, खेळणार म्हणून कबूल केलं. डॉक्टरांनी खेळाडू असल्याचा दाखला मागितला. दाखल्यासाठी प्रकरण कार्यालयाच्या समितीपुढे गेलं. समितीचे अध्यक्ष साहेबच. बराच खल होऊन निर्णय झाला की, कार्यालयाच्या आवारात खुर्चीसाठी धावणे हा खेळ नसून नित्याचे कामकाज आहे.

"मग कामावरचा अपघात तरी धरा, भाऊ," आक्का हेडक्लार्कना म्हणाल्या.

"धरला असता हो आक्का. पण खुर्ची तुम्हाला मिळाली कुठे? काम अपुरं राहिलं ना."

क्रीडादिनी खुर्चीच्या झटापटीत साहेबांचाही गुडघा थोडा सुजला होता. ते विजेते, म्हणजे ओघानेच खेळाडू. त्यांना ऑपरेशन मंजूर झालं. तपासणीत लिगामेंट शाबूत निघालं, पण मंजुरी वाया जाऊ नये म्हणून बदलण्यात आलं. तेव्हापासून साहेबांचा गुडघा वाकेना. त्यांना दोन खुर्च्या लागू लागल्या, एक बसायला, एक पाय ठेवायला. दुसरी आक्कांच्या टेबलामागून नेली. आक्का उभ्यानेच टाइप करू लागल्या. त्यांच्या वार्षिक शेऱ्यात 'तत्पर' असं लिहिलं गेलं.

पुढे साहेब बढती घेऊन निवृत्त झाले. डॉक्टरांनी स्वतःचं इस्पितळ काढलं. हेडक्लार्क समितीचे अध्यक्ष झाले. आक्का अजून तिसऱ्या मजल्यावरच आहेत. उतरताना पायरीवर टेकतात, दम खातात. शेजारून जाताना तुम्हीच नाही का त्यांना हसून म्हणता, "काय आक्का, मजेत ना?" आणि उत्तर यायच्या आत भराभर खाली उतरता.