खुर्ची कुणाच्या बापाची?

टेगवेनबाईंनी आपल्या चीजवर चिठ्ठी डकवली आणि घोळ झाला. चिठ्ठीत लिहिलेलं सगळं खरं होतं: चीजला वेल्श भाषेत 'काउस' म्हणतात, तो शब्द लॅटिन 'कासेउस'वरून आला. रोमनांच्या काळचा.

एल्व्हेडने ती वाचली. हा वेल्समधल्या त्या गावच्या काव्यमेळ्याचा अध्यक्ष. मेळ्याच्या जेवणात फक्त अस्सल वेल्श पदार्थ, हा त्याचाच नियम.

"उचला हे रोमी चीज!"

"मेल्या, तीस वर्षं हेच हादडलंस!"

"तेव्हा ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नसलं की पचतं होय?"

बाईंच्या आईपासून चालत आलेलं चीज पहिल्यांदाच पंगतीबाहेर गेलं. बाई रडल्या नाहीत. घरून जाडजूड शब्दकोश घेऊन आल्या.

"वाइन म्हणजे 'ग्वीन'. लॅटिन 'वीनुम'. उचल!"

अध्यक्षाने बाटल्या उचलल्या. माघार घेतली तर तो अध्यक्ष कसला! मग मासे गेले, त्यांचं वेल्श नाव लॅटिन 'पिस्किस'चं नातलग. मग सुऱ्या गेल्या, त्यांचंही नाव लॅटिनच. दुपारी टेबलावर उरला अस्सल वेल्श नावाचा पाव, तोही हाताने तोडायचा. गाव उपाशी बसलं. मूर्खाच्या अभिमानाची किंमत नेहमी दुसऱ्यांची पोटंच देतात.

मग मुख्य सोहळा. उत्तम कवितेला बक्षीस म्हणून कोरीव ओकची खुर्ची. बावीस वर्षं एल्व्हेड तिच्यासाठी कविता पाडत होता. यंदा ती पावली. पाद्रीबाबांनी त्याच्या डोक्यावर तलवार धरली आणि रिवाजाप्रमाणे पुकारलं, "शांतता आहे का?" लोकांनी तीनदा "शांतता!" म्हटल्याशिवाय कवीला बसता येत नाही.

कुणी हूं की चूं केलं नाही.

"खुर्ची म्हणजे 'कादाइर'," मागून टेगवेनबाई म्हणाल्या. "लॅटिन 'काथेद्रा'. बस बाबा, रोमच्या मांडीवर बस!"

सभागृह खिदळलं. एल्व्हेड गुडघे वाकवून अर्ध्यावर अडकला.

"पाद्रीबाबा, पुन्हा विचारा की!"

"काय डोंबल विचारू? माझ्याच पोटात शांतता नाही."

"आणा रे ते चीज!" एल्व्हेड किंचाळला.

"आणि नियम?" बाईंनी विचारलं.

"नियम गेला चुलीत!"

चीज आलं. गाव तुटून पडलं. बाईंनी सगळ्यांना मोठाले तुकडे वाढले, पाद्रीबाबांनाही.

मग पाद्रीबाबांनी घास कसाबसा गिळून विचारलं, "शांतता आहे का?"

दोनशे तोंडं गच्च भरलेली. बोलणार कोण?

एल्व्हेड तसाच वाकून उभा राहिला. चीज चांगलं मुरलेलं होतं, चिवट. आणि टेगवेनबाई एकेक घास बत्तीस वेळा चावत होत्या.