हिरव्या पहिलवानाच्या बैठका

“यंदा गणपतीत नाटक नको, भावगीतं नकोत, काही नको! यंदा मी मातीचा माणूस चालवून दाखवतो!”

जयपूरच्या मराठी मंडळाच्या सभेत रंगनाथ धारपने ही घोषणा केली, तेव्हा १९६४ सालचा मे महिना होता आणि बाहेर अशी गरम वाऱ्याची लू सुटली होती की कावळेसुद्धा चोची उघड्या टाकून बसले होते. त्यामुळे पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, याला ऊन लागलं!

रंगनाथ विमा कचेरीत हेडक्लार्क. मूळचा साताऱ्याचा, तीन वर्षांपूर्वी बदलीवर आलेला. माणूस हुशार, पण एका जागी बसेल तर शपथ! जेवताना दोनदा उठायचा. दाढी करताना अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून फाटकापर्यंत चक्कर मारून यायचा. अशा माणसाला त्याच्या मेहुण्यानं जर्मनीहून सिनेमाचा छोटा कॅमेरा आणून दिला आणि त्याला एक कळ अशी होती की ती दाबली की एकच चित्र निघे.

“सोपं आहे हो!” रंगनाथ म्हणाला. “मातीचा पहिलवान करायचा. एक चित्र घ्यायचं. मग त्याचा गुडघा तसूभर वाकवायचा. दुसरं चित्र घ्यायचं. पडद्यावर गडी बैठका मारतो!”

“किती चित्रं लागतात?” अध्यक्ष वसंतराव आगट्यांनी विचारलं. आगटे मंडळाचे अध्यक्ष आणि कचेरीत रंगनाथचे साहेब. दोन्हीकडे ते सारखेच गंभीर असत.

“सेकंदाला सोळा. मिनिटाला नऊशे साठ!”

“आणि ती तुम्ही बसून काढणार?”

सभा हसली. सगळ्यात मोठ्यांदा सुभेदार हिंदुराव हसले. ते कोल्हापूरकडचे, छावणीतल्या मेजरसाहेबांचा प्रोजेक्टर आणायचं काम त्यांच्याकडे होतं. “धारपसायेब, त्यापेक्षा मीच पडद्यामागं बैठका मारतो की!”

रंगनाथला ते हसू झोंबलं. जूनमध्ये त्यानं कचेरीत अर्ज टाकला: ‘पाठीत उसण भरल्यामुळे सोमवार ते गुरुवार अंथरुणातून हलणे अशक्य.’ आगट्यांनी सही केली, वर ‘शेक घ्या’ असा निरोपही पाठवला.

सोमवारी सकाळी जेवणाचं टेबल झोपायच्या खोलीत आलं. आधी कुंभाराकडून आणलेली माती वापरली. पण अर्ध्या तासात पहिलवानाला भेगा पडल्या आणि त्याचा उजवा हात गळून चहात पडला. मग पोरं शाळेत खेळतात ती तेलकट माती आणली. दुकानात फक्त हिरवा रंग शिल्लक होता. पहिलवान हिरवा झाला. मागे आरशाचं कपाट होतं, त्यावर रंगनाथनं सांगानेरी चादर टांगली, कॅमेऱ्यातून एकदा नीट पाहून घेतलं आणि दोन मोठे दिवे लावले.

“पंखा बंद!” तो ओरडला. “चादर हलते!”

“अहो, माणसं शिजतील!” त्याची बायको निशिगंधा म्हणाली.

“कलेसाठी शिजायचं!”

पहिल्या दिवशी दोन बैठका झाल्या. रंगनाथ एक चित्र काढी, उठे, खिडकीशी जाई, परत येई, कोणता पाय वाकवायचा ते विसरे आणि दोन्ही वाकवी. दिव्यांच्या उष्णतेनं पहिलवान दर तासाला अर्धा इंच बसत चालला. दुपारपर्यंत त्याची मान नाहीशी झाली. रंगनाथनं त्याला नवी मान लावली, ती जिराफासारखी झाली!

मंगळवारी पाहुणे आले म्हणून निशिगंधानं चादर काढून नेली. रंगनाथच्या ते ध्यानातच आलं नाही. त्याचे डोळे फक्त हिरव्या गुडघ्यावर! कॅमेऱ्याला लांब तार होती. ती हातात धरून तो पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि बनियन अशा वेषात खोलीभर येरझारा घाली, जिथे असेल तिथून कळ दाबी, धावत येऊन गुडघा वाकवी, पुन्हा पळे. बुधवारी पाल दिसली तेव्हा तो स्टुलावर चढला आणि तिथूनही त्यानं चार चित्रं काढली.

गुरुवारी दुपारी मात्र त्याचा जीव अगदी घुसमटला. “जरा कचोरी खाऊन येतो,” म्हणून जो गेला तो तीन तासांनी आला. राहिलेल्या बैठका घाईघाईनं उरकल्या. रीळ मुंबईला धुवायला गेलं, महिन्यानं परत आलं. उजेडात धरून पाहिलं तर नुसते हिरवे ठिपके! प्रोजेक्टर मिळणार तो थेट गणपतीतच. तोवर रंगनाथनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, “बघाच तुम्ही!”

आणि सगळ्यांनी बघितलं.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत आगटे सपत्नीक. दिवे गेले, प्रोजेक्टर खरखरला, पडद्यावर हिरवा पहिलवान उभा राहिला. एक बैठक. दुसरी बैठक. टाळ्या! रंगनाथ खुर्चीत फुगला.

मग चादर गेली. पहिलवानामागे लख्ख आरसा आला आणि आरशात पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यातला रंगनाथ!

पहिलवान संथपणे वाकत होता आणि त्याच्यामागे रंगनाथ तव्यावरच्या लाहीसारखा उडत होता! खिडकीशी दिसे, दाराशी दिसे, पुढच्या क्षणी जमिनीवर दिसे. पाठ खाजवी, बगल खाजवी, चहाचा कप आपोआप रिकामा होई. एकाएकी तो स्टुलावर चढला आणि नाहीसा झाला. हॉल कोसळायचा बाकी राहिला. पोरं बाकांवर उभी राहून ओरडत होती, “काका, फिर से! फिर से दाखवा ना!”

“आयला, उसण भरली म्हणं याला!” हिंदुराव डोळे पुसत म्हणाले.

रंगनाथ खुर्चीत खाली सरकला. कारण कपाटाच्या शेजारी, भिंतीवर, कचेरीनंच वाटलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं. रोज एक पान फाडायचं ते. जून. हातभर आकडे. निशिगंधा रोज सकाळी न चुकता पान फाडत होती, आणि पडद्यावर सोळा गेली, सतरा आली, सतरा गेली, अठरा आली. आगट्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

तेवढ्यात काहीतरी निराळंच घडलं. आरशातला रंगनाथ दिसेनासा झाला. पहिलवान बैठक मारता मारता मध्येच थांबला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. हळूच खाली बसला. पाय पसरले. मनगटानं कपाळ पुसलं, एक हात मागे टेकला आणि दुसऱ्या हातानं स्वतःला वारा घालत राहिला. छाती वरखाली होत होती. अगदी जराशी. मातीला दम लागला होता!

माणसं पुढे वाकून पाहू लागली. पोरंसुद्धा. दहा सेकंदांचं ते काम; पण आगटेबाई नकळत स्वतःच्या पदरानं वारा घ्यायला लागल्या.

रंगनाथ आ वासून पाहत होता. हे त्यानं केलंच नव्हतं! त्यानं वळून निशिगंधाकडे पाहिलं.

“तुम्ही कचोरी खायला गेलात ना,” ती कुजबुजली, “तेव्हा पंखा लावला. बरं वाटलं. मग म्हटलं, त्या बिचाऱ्यालाही जरा बसवावं. चार दिवस राबतोय.”

“मला सांगितलं नाहीस ते?”

“तुम्ही ऐकायला थांबलात कुठे?”

उरलेल्या बैठका संपल्या, दिवे लागले. आगटे उठले, रंगनाथपाशी आले. “धारप, पाठ कशी आहे?”

“साहेब, ते... म्हणजे...”

“उद्या दहाला केबिनमध्ये या.”

दुसऱ्या दिवशी रंगनाथ पावणेदहापासून केबिनबाहेर येरझारा घालत होता. माफीचा अर्ज खिशात, घाम कपाळावर. आत गेल्यावर आगट्यांनी दार लावून घेतलं आणि एक कागद पुढे सरकवला.

“चार दिवस हक्काच्या रजेतून कापलेत. सही करा.”

रंगनाथनं सही केली. आगट्यांनी खण उघडला. ‘आता बडतर्फी!’ रंगनाथनं डोळे मिटले. उघडले तर टेबलावर पिवळ्या मातीचा एक ओबडधोबड हत्ती उभा होता.

“काल रात्री केला,” आगटे खालच्या आवाजात म्हणाले. त्यांच्या नखांत पिवळी माती होती. “सोंड उचलतो. पण पाय हलवला की कलंडतो हो! तुमचा तो पहिलवान बसला, दम खाल्ला... ते कसं जमवलंत?”

आयुष्यात पहिल्यांदा रंगनाथ काही क्षण स्तब्ध उभा राहिला. खोटं बोलायला तोंड उघडलंही. मग म्हणाला, “ते मी नाही, साहेब. ते हिनं केलं.”

“असं? मग वहिनींना विचारा, रविवारी येऊ का?”

आगटे रविवारी आले, पुढच्या रविवारीही आले, आणि मग येतच राहिले. निशिगंधा हत्तीचा पाय हलवी, साहेब श्वास रोखून कळ दाबत. दोघं तास तास बोलत नसत. रंगनाथ शेजारी बसे आणि त्याचा गुडघा हले. गुडघा हलला की टेबल हले, टेबल हललं की हत्ती पडे.

“अहो,” निशिगंधा शेवटी गोड आवाजात म्हणाली, “तुम्ही कचोऱ्या आणता का? पार चांदपोल बाजारातल्याच आणा. चालत जा. घाई नाही.”

“अगदी सावकाश या, धारप,” साहेब कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाले.

त्या वर्षात रंगनाथनं जयपूरमधली झाडून सगळी कचोरीची दुकानं पालथी घातली. पुढच्या गणपतीत हत्ती पडद्यावर चालला, अडखळला, उठून पुन्हा चालला. हॉलनं डोक्यावर घेतला. शेवटी पाट्या आल्या. हत्ती चालवला : सौ. निशिगंधा धारप. छायाचित्रण : व. ना. आगटे. आणि मग एका संपूर्ण पडद्यावर, ठळक अक्षरांत : कचोऱ्या व इतर सर्व मदत : रंगनाथ धारप!

हिंदुरावांनी कडक शिट्टी मारली. सगळ्यांनी माना वळवून रंगनाथची खुर्ची पाहिली.

खुर्ची रिकामी होती. सात मिनिटं सलग बसवलं नाही म्हणून तो बाहेर चप्पल शोधत होता.