आठ दिवसांचा गोडवा

मी रागीट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत कोणालाही विचारलंत तर तो नेमकं उलटं सांगेल, आणि सांगताना दोन पावलं मागे सरकेल. मी फक्त दिसतं ते बोलते, आणि लांबपर्यंत ऐकू जाईल असं बोलते. व्हिएतनामच्या हायफाँगसारख्या शहरात सव्वीस वर्षं खेकड्याच्या रश्शातल्या नूडल्सचं दुकान एकटीने चालवलेल्या बाईचा आवाज नाजूक राहील कसा?

पण यंदा मी ठरवलं होतं. नव्या वर्षात जो बदल येईल त्याला हसत हसत घरात घ्यायचा. आणि थोआने एकदा ठरवलं की ते होतंच! विचारा आमच्या ह्यांना. नाही, ह्यांना नको. त्यांना काही विचारण्यात अर्थ नाही, ते पुढे कळेलच.

ठरवायला कारण घडलं ते असं. माझा मुलगा लाम, त्याच्या लग्नाला दीड वर्ष झालं. सून दिएप बुटांच्या कारखान्यात कामाला होती. वर्ष संपता संपता तिने ती नोकरी सोडली आणि तेतच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या सणाच्या, चौथ्या दिवसापासून, सुट्टी संपवून आम्ही दुकान उघडतो त्या दिवसापासून, माझ्याबरोबर दुकानात उभं राहायचं ठरवलं. आता एका चुलीपाशी दोन बायका म्हटल्यावर थोडं बोलणं होणारच. ती म्हणाली खेकडे यंत्रात वाटू या, मी म्हणाले खलबत्त्यात. ती म्हणाली फोनवरून ऑर्डरी घेऊ या, मी म्हणाले ज्याला भूक लागते त्याला पाय असतात. एवढंच. समोरच्या चार घरांना ते ऐकू गेलं, हा काही माझा दोष नाही.

चूलदेव आमच्या तक्रारी घेऊन स्वर्गात जातो, त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या तेविसाव्या दिवशी लामने मला मागच्या अंगणात गाठलं. देवाला वर न्यायला आणलेले कार्प मासे मी टबात सोडत होते. तो म्हणाला, "आई, आम्ही वेगळं घर बघून ठेवलंय, स्टेशनच्या पलीकडे. आजपासून तेतच्या तिसऱ्या दिवसापर्यंत तू दिएपला एकदाही ओरडली नाहीस तर इथेच राहू. ओरडलीस तर चौथ्या दिवशी सामान हलवू."

पोटच्या पोराने आईला अट घालावी! ज्याला वयाच्या नवव्या वर्षापर्यंत चपलेतली डावी-उजवी कळत नव्हती, त्याने! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडण्याआधी एक गोष्ट आठवली. सव्वीस वर्षांनी माझ्या शेजारी, त्या चुलीच्या धुरात, कोणीतरी उभं राहणार होतं. मी हे कोणाजवळ बोलले नव्हते, पण गुपचूप तिच्यासाठी ॲप्रनसुद्धा शिवून ठेवला होता. तो घडी करून कपाटात ठेवायची वेळ आली तर?

मी म्हणाले, "बरं."

टबातले मासेही दचकले असतील.

त्या दिवसापासून मी गोड झाले. दिएपने रश्शात मीठ दुप्पट घातलं, मी म्हणाले, छान झालंय गं बाळा. तिने सणाचे चिकट तांदळाचे बान्ह चुंग पानात इतके सैल बांधले की उकडताना निम्मे पाणी पिऊन सुटले. मी म्हणाले, मऊ आहेत, म्हाताऱ्यांना बरे. तिने माझ्या दुकानाची पाटी उतरवून गुलाबी रंगाची नवी पाटी लावली. गुलाबी! खेकड्याच्या दुकानाला! मी म्हणाले, काय उठून दिसतेय. दाढेखाली इतका राग दाबला की डावी दाढ ठणकायला लागली. दिएप प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची आणि गप्प होऊन स्वयंपाकघरात जायची. मला वाटलं, सुखाने तिला बोलायला सुचत नाहीये.

तेत जवळ आला तसं मी पहिल्या पावलाचं काम हातात घेतलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी बाहेरून येऊन घरात पहिलं पाऊल ज्याचं पडतं, त्याच्या नशिबाने घराचं वर्षभर चालतं. ही काही देवावर सोडायची गोष्ट नाही. आमची वर्षं बारा प्राण्यांच्या नावाने फिरतात, आणि येणारं वर्ष घोड्याचं. घोड्याशी वाघाचं जमतं. म्हणून वाघाच्या वर्षी जन्मलेल्या विन्हकाकांना मी महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. निवृत्त शिक्षक, सदा हसतमुख, बायको खणखणीत, घरात नातवंडं, कोर्टाची पायरी कधी चढलेले नाहीत. गेल्या वर्षी ज्या घरात त्यांचं पाऊल पडलं तिथली मुलगी उजवली आणि म्हाताऱ्याचा खोकला गेला. ते बरोबर आठ वाजता येणार होते. तोपर्यंत कोणीही घरात पाऊल टाकायचं नाही, हे मी घरातल्या प्रत्येकाला तीनतीनदा बजावलं.

पहिल्या दिवशी सकाळी सातला स्वयंपाकघरातून खळ्ळकन आवाज आला. जाऊन बघते तो दिएप उभी, आणि तिच्या पायाशी माझ्या आईचा निळ्या माशाचा वाडगा, सात तुकडे होऊन पडलेला. तेतच्या पहिल्या दिवशी भांडं फुटणं म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात माझ्या आईचा वाडगा! आणि झाडू मारायचीही सोय नाही, कारण तीन दिवस केर काढला तर घरातली भरभराट केरासोबत जाते. दाराआडून लाम माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

मी हसले. "जुनाच होता गं," म्हणाले, आणि सात तुकड्यांवर टोपली पालथी घातली.

दिएपचे डोळे भरून आले. मी तिथून बाहेर पळाले, नाहीतर तोंडाला लावलेलं कुलूप निखळून पडलं असतं. आणि बाहेर बघते तो काय! फाटकापलीकडे, रिमझिम पावसात, पातळ सदऱ्यात आणि घरातल्या चपलांत, आमचे हे! त्रोंग! हातात एक हिरवी डहाळी.

"अहो, तुम्ही बाहेर कसे?"

"देवळात गेलो होतो पहाटे. शुभ म्हणून कोवळी डहाळी आणली."

"मी सांगितलं नव्हतं?"

"कोणी आत यायचं नाही असं सांगितलं होतंस. बाहेर जायचं नाही, असं कुठे म्हणालीस?"

माझा नवरा उंदराच्या वर्षातला. उंदीर आणि घोडा यांचं उभं वैर. घोड्याच्या वर्षात उंदराचं पहिलं पाऊल पाडण्यापेक्षा घराला काडी लावलेली परवडली! मी धावत जाऊन फाटकाला कडी घातली आणि दातओठ खात, पण हळू आवाजात, त्यांना भावाकडे जाऊन बसायला सांगितलं. ते म्हणाले जाऊन आलो, त्यानेही कडी घातली. पलीकडच्या घरानेही घातली. सगळ्या गल्लीला माहीत आहे की मी उंदीर आहे, म्हणाले.

मग राहा तिथेच आठ वाजेपर्यंत, म्हणाले मी. एक स्वेटर फाटकावरून टाकला. तो नेमका चिखलात पडला.

आता हे बाहेरून कसं दिसत असेल ते बघा. वर्षाचा पहिला दिवस. नवरा पावसात उभा. बायको कडी लावून आत, आणि त्याच्यावर कपडे फेकतेय. देवळातून परतणारी माणसं थांबायला लागली. पाच मिनिटांत बातमी गल्लीच्या टोकाला पोहोचली की थोआने नवऱ्याला घराबाहेर काढलं. आणि एका माणसाने, एका तरी माणसाने, यावर शंका घ्यावी की नाही? मला खरा राग त्याचाच आला.

मग आल्या ल्यूकाकू. गल्लीत कोणाचंही भांडण झालं की समेट घडवायचं काम त्यांच्याकडे. मागच्याच महिन्यात त्यांची आत्या वारली, सुतक चालू. सुतकातल्या माणसाने तेतला दुसऱ्याच्या उंबऱ्याजवळही फिरकू नये. त्या म्हणाल्या, मी रस्त्यावरच आहे आणि कामावर आहे. असं म्हणत फाटकाला धक्का दिला. मी आतून फाटक दाबून धरलं आणि गोड आवाजात म्हणाले की काकू, आमचं भांडण नाही, हे फक्त उंदीर आहेत. काकूंनी लोकांकडे वळून सांगितलं, "नवऱ्याला उंदीर म्हणतेय."

"अहो, तुम्ही तरी सांगा यांना!" मी त्रोंगना म्हणाले.

त्रोंगनी डोळे पुसले. पावसाचं पाणी होतं ते, पण बघणाऱ्या बायका हळहळल्या.

आठ वाजून गेले. साडेआठ झाले. फाटकाआड दिएप आणि लाम माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. आणि नऊला पाच कमी असताना, करडा कोट, चकचकीत बूट, हातात लाल पाकिटं, असे विन्हकाका कोपऱ्यावर दिसले! मला वाटलं, सुटले. पण गर्दी बघून ते थबकले. ल्यूकाकूंनी त्यांना बाजूला घेतलं. काकांचं हसू मावळलं. ते फाटकापासून दहा पावलांवर उभे राहून म्हणाले, "थोआताई, राग मानू नका. पण भांडणाच्या घरात मी पाऊल टाकलं आणि उद्या तुमचं काही बिनसलं, तर पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार?"

आणि वळले.

संपलं. आठ दिवस दाढेखाली दाबलेलं सगळं एकदम वर आलं. मी कडी काढली, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि माझं तोंड सुटलं! पहिल्यांदा विन्हकाका. वाघ म्हणवता आणि गर्दी बघून शेपूट घालता, असं मी त्यांना ऐकवलं. मग ल्यूकाकू, त्यांची आत्या, आणि त्यांच्या समेटानंतर मोडलेले दोन संसार. मग आमचे हे, त्यांची डहाळी, आणि तीस वर्षांत सांगितलेलं काम जसंच्या तसं करून वाट लावायची त्यांची पद्धत. मग देवळातून परतलेली गल्ली, घरोघर नावानिशी. स्कूटर थांबवून बघणारा एक अनोळखी माणूस होता, त्यालाही थोडं दिलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! दाढ दुखायची थांबली.

श्वास घ्यायला थांबले तर समोर दिएप. ती माझ्यामागोमाग रस्त्यावर आली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्यामागे लाम, कणकेसारखा पांढरा.

"दिएप, तुला नाही गं बोलले मी," मी घाईघाईने म्हणाले. "तुला एक शब्द नाही."

"तेच तर!" ती म्हणाली. "सगळ्या गल्लीला बोललात. स्कूटरवरच्या माणसाला बोललात. मीच तेवढी परकी का? आठ दिवस बघतेय मी. मीठ जास्त झालं तरी छान, पाटी गुलाबी केली तरी छान. आज तुमच्या आईचा वाडगा फोडला आणि तुम्ही हसलात! मला कळलं, मी तुम्हाला दुकानात नको आहे. पाहुण्यासारखं गोड बोलून वाटेला लावताय. काल कारखान्यातल्या मुकादम बाईंना फोन केला मी. सहाव्या दिवसापासून परत कामावर येते म्हणून सांगितलं."

"काय केलंस?"

"परत जाते म्हणून..."

"खबरदार!" मी ओरडले. आता कसली अट आणि कसलं काय. "आत्ताच्या आत्ता फोन लावायचा आणि नाही म्हणून सांगायचं! अर्धवट कुठली! आणि वाडगा दोन हातांनी धरायला काय झालं होतं? खारट करून करून रश्शाचं समुद्राचं पाणी करून ठेवलंस! आणि गुलाबी? खेकड्याला गुलाबी?"

दिएपने बाहीने नाक पुसलं. "खेकडे मी यंत्रातच वाटणार."

"खलबत्त्यात!"

"यंत्रात!"

दोघींचाही आवाज छान लागला होता. एवढ्यात लाम मध्ये आला. देवाने या मुलाला तोंड दिलं ते चुकीच्या वेळी उघडायला. तो म्हणाला, "आई, आता तू तिला ओरडलीस हं. अट मोडली."

दिएप हळूच त्याच्याकडे वळली. "कसली अट?"

लाम जमिनीकडे बघत, चाचरत सांगायला लागला की घरात शांतता राहावी म्हणून त्याने, म्हणजे त्याला वाटलं की, तिच्याच भल्यासाठी... मी बघत राहिले. माझ्याशी बोलताना जो "आम्ही आम्ही" करत होता, त्याने बायकोला विचारलंही नव्हतं!

मग दिएपने कमरेवर हात ठेवला आणि सुरुवात केली. आई गं, काय आवाज! गल्लीच्या पार त्या टोकाची कुत्री भुंकायला लागली. ल्यूकाकू दोन पावलं मागे सरकल्या. फाटक सताड उघडं होतं, आणि आत ओट्यावर आमचे हे कोरडा सदरा घालून, पाय वर घेऊन, चहा पीत बसले होते. पहिलं पाऊल कधी पडलं ते कोणी पाहिलंच नाही.

वर्षाचा पहिलाच दिवस, भररस्ता, सगळी गल्ली बघतेय. सासू म्हणून मी तिला आवरायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण पोरगी इतकं मुद्देसूद बोलत होती की मध्ये पडायचं मनात येईना. शिवाय लामने सांगताना स्टेशनपलीकडचं घर बघून आल्याचं तेवढं शिताफीने गाळलं होतं.

तेवढं फक्त मी तिला सांगितलं.